जिवाणू आपल्या गुणसूत्राची नक्कल कशी सुरू करतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना काही प्रश्न दरवर्षी त्याच धड्याला, जवळजवळ त्याच शब्दांत येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही वर्गातले, काही प्रॅक्टिकलच्या टेबलावरचे, दोन-तीन तर्री पोहे खाता खाता विचारलेले. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. मुलं जिथे अडतात तिथे मी जास्त थांबले आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे जिवाणू म्हणजे प्रयोगशाळांतला नेहमीचा ई. कोलाय समजा.

मॅडम, सुरुवातीचं एवढं कौतुक काऊन? पॉलिमरेज आला की नक्कल होतेच ना?

नाही होत. डीएनए पॉलिमरेजला कोऱ्या पाटीवर पहिलं अक्षर काढता येत नाही. आधीच्या तुकड्याच्या टोकाला पुढची कडी जोडायची, एवढंच त्याला जमतं. म्हणजे आधी कुणीतरी दुहेरी धागा उकलायला हवा, मग कुणीतरी त्यावर आरएनएचा छोटा तुकडा बसवायला हवा, आणि मग पॉलिमरेजचं काम. आर्थर कोर्नबर्ग यांना डीएनए जोडणाऱ्या विकराच्या शोधासाठी १९५९ साली नोबेल मिळालं. पण गुणसूत्राची नक्कल जिथून सुरू होते त्या जागेपासून ती परीक्षानळीत सुरू करून दाखवायला त्यांच्याच प्रयोगशाळेला १९८१ उजाडलं. मधली बावीस वर्षं लक्षात ठेवा. जोडणारा सापडला होता, सुरू करणारे सापडायचे होते.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. चांगलं खाद्य मिळत असलं की नक्कल पुढे सरकण्याचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. पेशी जलद वाढू लागली म्हणून पॉलिमरेज दुप्पट जोरात धावत नाही. मग पेशीच्या हातात उरतं काय? नक्कल किती वेळा सुरू करायची, एवढंच. म्हणून सगळा पहारा सुरुवातीवर आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र सुरुवातीला चार ओळी आणि ओकाझाकी तुकड्यांना (नक्कल चालू असताना एका धाग्यावर बनणाऱ्या छोट्या तुकड्यांना) चार पानं, याचं मला दरवर्षी नव्याने वाईट वाटतं.

नक्कल नेमकी कुठून सुरू होते?

ओरी-सी नावाच्या एकाच जागेतून. ई. कोलायचं गुणसूत्र गोल, सुमारे ४६ लाख ४० हजार बेस जोड्यांचं (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं). त्यातली ओरी-सी जेमतेम २४५ जोड्यांची. तिथून दोन फोर्क, म्हणजे धागा उकलत नक्कल पुढे नेणारे दुफाटे, निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि वर्तुळाच्या समोरच्या बाजूला भेटतात.

अशी एक जागा असणार आणि तिला ओळखणारं एक प्रथिन असणार, हा अंदाज फ्रान्स्वा जेकब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्यूझँ यांनी १९६३ मध्येच बांधला होता. जागेला त्यांनी रेप्लिकेटर म्हटलं, ओळखणाऱ्याला इनिशिएटर. त्याच वर्षी जॉन केर्न्स यांनी किरणोत्सारी थायमिडिन वापरून नक्कल होत असलेल्या गोल गुणसूत्राचं चित्र फिल्मवर उमटवलं.

जनुक-नकाशावरचं शून्य मिनिट म्हणजेच ओरी-सी ना?

हा प्रश्न नागपूरच्या मुलांनी तरी चुकवू नये. आपल्याकडे झिरो माइलचा खांब आहे. शेजारी चार घोडे आहेत, खांबावर गावांची अंतरं कोरलेली आहेत. अंतर तिथून मोजतात, पण म्हणून कुणाची गाडी तिथून सुटते का? गाडी सुटते ती गणेशपेठच्या स्टँडवरून.

ई. कोलायच्या १०० मिनिटांच्या नकाशाचंही तसंच आहे. शून्य मिनिट थ्रिओनिनच्या जनुकांपाशी ठेवलं, कारण संयुग्मनाच्या, म्हणजे एका पेशीतून दुसरीत डीएनए जाण्याच्या, जुन्या प्रयोगांत ती जनुकं दुसऱ्या पेशीत सगळ्यांत आधी पोचत. ती मोजणाऱ्यांची सोय होती. ओरी-सी आहे ८४व्या मिनिटाजवळ, आणि फोर्क भेटतात ते साधारण ३४-३६ मिनिटांच्या भागात. प्राध्यापकांच्या नेट या पात्रता परीक्षेत हा सापळा आवडीने लावतात.

डीएनए-ए म्हणजे डीएनएचाच एक प्रकार का?

नाही. नाव ठेवणाऱ्यांनी आपली गंमत केली आहे. डीएनए-ए हे प्रथिन आहे, ४६७ अमिनो आम्लांचं. नकलेत बिघाड असलेले जिवाणू शोधताना ज्या जनुकांचा पत्ता लागला त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं मिळाली. त्यातलं ए म्हणजे हा इनिशिएटर. १९६३ च्या अंदाजातलं प्रथिन ते हेच.

ते डीएनएवर एक नऊ अक्षरांची खूण ओळखतं: टी-टी-ए-टी-सी-सी-ए-सी-ए, किंवा तिच्या जवळपासचं काही. या खुणेला डीएनए-ए बॉक्स म्हणतात. अशा खुणा गुणसूत्रावर इतरत्रही शेकड्यांनी आहेत, पण ओरी-सीत त्या खेटून खेटून बसवल्या आहेत. त्यातल्या तीन घट्ट पकडीच्या आहेत. त्यांची नावं आर-१, आर-२ आणि आर-४. बाकीच्या सैल पकडीच्या आहेत आणि पुढची सगळी गंमत त्या सैल खुणांमध्ये आहे.

पहिल्या काही क्षणांत काय काय घडतं, ते क्रमाने सांगाल?

सांगते, पण हा क्रम पाठ करू नका, डोळ्यांपुढे आणा.

तीन घट्ट खुणांवर डीएनए-ए जवळजवळ कायम बसलेलं असतं. मंडप घालून ठेवलाय, वऱ्हाड यायचंय, अशी स्थिती. पेशी वाढत जाते तसं एटीपी (पेशीचा इंधनाचा रेणू) धरलेलं डीएनए-ए साठत जातं. ते आता सैल खुणांवरही बसू लागतं, एकाला टेकून दुसरं, दुसऱ्याला टेकून तिसरं. मध्ये आयएचएफ नावाचं प्रथिन येतं आणि डीएनएला जवळजवळ हेअरपिनसारखा वाकवतं. त्यामुळे लांब असलेल्या खुणा शेजारी येतात आणि डीएनए-एची एक गुंडाळीसारखी रांग तयार होते.

या रांगेचा ताण शेजारच्या पट्ट्यावर पडतो. तिथे तेरा-तेरा अक्षरांचे तीन तुकडे आहेत, ए आणि टीने भरलेले. ए-टी जोडीत दोनच हायड्रोजन बंध, जी-सीत तीन. म्हणजे शिवण इथेच कच्ची आहे आणि ती इथेच उसवते. त्यातून जिवाणूचा डीएनए आधीच उलट्या दिशेने पिळलेला असतो. ती पीळ गायरेज हे विकर राखतं, आणि उसवायला तिची मदत होते. उघडलेल्या दोन धाग्यांपैकी एकाला डीएनए-ए स्वतःच धरून ठेवतं, नाहीतर ते पुन्हा मिटतील.

आता धागा पुढे उकलत नेणारं हेलिकेज. त्याचं नाव डीएनए-बी, सहा तुकड्यांची अंगठी. अंगठी बोटात घालायची तर बोटाचं टोक हवं. इथे धागा गोल, टोकच नाही. म्हणून डीएनए-सी हा मदतनीस अंगठी किंचित उघडून धाग्यावर चढवतो. एक अंगठी एका धाग्यावर, दुसरी दुसऱ्यावर, तोंडं विरुद्ध दिशांना. डीएनए-सी निघून गेलं की त्या दोन्ही धाग्यांवरून धावू लागतात, मागे उघड्या धाग्यांवर एसएसबी प्रथिन पांघरूण घालतं. प्रायमेज येऊन आरएनएचा तुकडा लिहितं, पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारी कडी, म्हणजे बीटा क्लॅम्प, चढतो, पॉलिमरेज-३ जोडलं जातं. इथून पुढचं तुम्हाला पुस्तकात सापडेल.

डीएनए-ए एटीपी वापरून धागा उघडतं, असं लिहिलं तर चालेल?

मी गुण कापते. उत्तरपत्रिकांमधली ही सगळ्यांत मोठी चूक आहे, आणि चूक समजण्यासारखी आहे, कारण एटीपी दिसला की आपल्याला इंधन आठवतं. हेलिकेजच्या बाबतीत ते खरंही आहे. डीएनए-एच्या बाबतीत एटीपी म्हणजे बिल्ला. बिल्ला छातीवर लावलेला असला की प्रथिन सैल खुणांवर बसू शकतं, रांग करू शकतं. धागा उघडायला एटीपी फोडावा लागत नाही, नुसता धरलेला पुरतो. तो फोडला जातो नंतर, आणि तेव्हा प्रथिन थंड पडतं. एटीपी फोडल्यावर उरतो तो एडीपी. एडीपी धरलेलं डीएनए-ए घट्ट खुणांवर बसून राहील, पण धागा उघडणार नाही.

म्हणजे पेशीत डीएनए-ए किती आहे एवढं विचारून भागत नाही. त्यातलं बिल्लेवालं किती, हे विचारायचं.

एकदा सुरू झाल्यावर लगेच दुसऱ्यांदा काऊन सुरू होत नाही? खुणा तर त्याच, प्रथिनही तेच.

हा प्रश्न एका बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने विचारला होता आणि मी तिला सांगितलं, तू आज धड्याच्या पुढे गेलीस. खरं तर नक्कल सुरू करण्यापेक्षा ती लगेच पुन्हा सुरू होऊ न देणं हे पेशीला जास्त जड आहे. फोर्क निघाला की क्षणात एकाच्या दोन ओरी-सी झालेल्या असतात, आणि आसपास बिल्लेवालं डीएनए-ए तसंच फिरत असतं. म्हणून कुलपं एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं कुलूप जागेलाच लागतं. ई. कोलायमध्ये डॅम नावाचं विकर जी-ए-टी-सी या चार अक्षरांतल्या ए वर मिथाइलची टिकली लावतं, दोन्ही धाग्यांवर. नक्कल झाली की जुन्या धाग्यावर टिकली असते, नव्यावर अजून नसते. अशा अर्धवट टिकलीच्या जागा सेक-ए हे प्रथिन ओळखतं आणि झाकून बसतं. आता जरा हिशेब करू. चार अक्षरांचा कुठलाही ठरावीक शब्द यदृच्छेने २५६ अक्षरांत एकदा यावा. ओरी-सी २४५ अक्षरांची, म्हणजे एखादा जी-ए-टी-सी मिळावा. प्रत्यक्षात अकरा आहेत! हे आपोआप झालेलं नाही हे कुणालाही कळेल. बाकी गुणसूत्रावर नव्या धाग्याला मिनिटा-दोन मिनिटांत टिकली लागते. ओरी-सी मात्र पेशीच्या एका पिढीचा साधारण तिसरा हिस्सा झाकलेली राहते. डीएनए-ए बनवणारं जनुकही जवळच आहे, तेही याच काळात याच रीतीने दबतं. म्हणजे दारही बंद आणि नवीन पाहुणे येणंही बंद.

दुसरं कुलूप मला सगळ्यांत देखणं वाटतं. एचडीए नावाचं प्रथिन डीएनए-एचा एटीपी फोडायला लावतं, पण एकटं नाही. ते काम करतं डीएनएवर चढलेल्या बीटा क्लॅम्पला धरून. आणि बीटा क्लॅम्प डीएनएवर चढलेला असतो केव्हा? नक्कल चालू असते तेव्हा. म्हणजे सुरू झालेलं यंत्रच चालता चालता सुरू करणाऱ्यांचे बिल्ले काढून घेतं.

तिसरं, गुणसूत्रावर डाट-ए नावाची एक जागा आहे, तीही आयएचएफच्या मदतीने डीएनए-एला एटीपी फोडायला लावते. उलट डार्स-१ आणि डार्स-२ या जागा एडीपी सोडवून पुन्हा एटीपी धरायला मोकळीक देतात. पुढच्या फेरीच्या आधी बिल्ले परत वाटले जातात, असं म्हणा.

कुलपं मोडली तर? एचडीए नसलेल्या पेशीत नक्कल वारंवार सुरू होते. मागून येणारा फोर्क पुढच्याने मागे सोडलेल्या, अजून न बुजवलेल्या खाचेत शिरतो आणि गुणसूत्र तुटतं.

पेशी २० मिनिटांत दुप्पट होते, पण गुणसूत्राच्या नकलेला ४० मिनिटं लागतात. हे गणित बसतच नाही!

बसतं. पण आधी ४० आले कुठून ते पाहू. गुणसूत्राचं अर्धं अंतर प्रत्येक फोर्कच्या वाट्याला, म्हणजे २३ लाख २० हजार अक्षरं. फोर्क ३७ अंशांना सेकंदाला हजाराच्या आसपास अक्षरं लिहितो. भागाकार केला तर २३२० सेकंद, सुमारे ३९ मिनिटं. नक्कल संपल्यावर पेशी दोन व्हायला आणखी २० मिनिटांच्या आसपास. म्हणजे सुरुवातीपासून विभाजनापर्यंत एक तास. हे दोन काळ १९६८ मध्ये स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी मांडले. युक्ती साधी होती: पेशी गाळण-पटलाला चिकटवायच्या, वरून खाद्य वाहतं ठेवायचं आणि पटलावरून सुटून खाली पडणाऱ्या नवजात पेशी वेळेनुसार गोळा करायच्या.

आता काटोल-वरूडकडची मुलं वर्गात असली की मी फळ्यावर संत्र्याचं झाड काढते. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ तोडायला आठ-नऊ महिने लागतात. पण जून-जुलैत पाऊस पडला की मृगाची फुलं येऊ शकतात, आंबियाची फळं झाडावर लटकत असतानाच. फळाला लागणारा वेळ कमी झाला का? नाही. पुढच्या बहाराने आधीच्याची वाट पाहिली नाही, एवढंच.

जलद वाढणारी पेशी हेच करते. पहिली नक्कल अर्ध्यावर असताना नव्याने तयार झालेल्या दोन ओरी-सींवरून पुढची फेरी सुरू होते. २० मिनिटांत दुप्पट होणारी पेशी जन्मते तेव्हाच तिच्यात चार ओरी-सी असतात, आणि जन्मताच त्या सुरू होऊन आठ होतात. एक तासाचं काम २० मिनिटांच्या पिढ्यांत वाटलं तर तीन पिढ्या लागतात. म्हणजे आजीने सुरू केलेली नक्कल नातीच्या विभाजनाच्या वेळी कामी येते. हे वाक्य मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचीही मान वर करतात.

संत्रा बागायतदार जाणूनबुजून एका बहाराला ताण देतो, पाणी तोडतो, कारण दोन्ही बहारांचा भार झाडाला झेपत नाही. वर सांगितलेली कुलपं हा पेशीचा ताण समजा. मात्र उपमा इथपर्यंतच. झाडाला बहार बागायतदार ठरवून देतो, पेशीला बाहेरून कुणी सांगायला येत नाही.

मग पेशीला कळतं कसं, की आता वेळ झाली?

ती घड्याळ पाहत नाही, आकार पाहते. १९६८ मध्येच विल्यम डोनाची यांनी आधीची मोजमापं आणि कूपर-हेल्मस्टेटरचे काळ एकत्र ठेवले आणि दाखवलं की नक्कल सुरू होतेवेळी पेशीचं वस्तुमान भागिले ओरी-सींची संख्या हे जवळपास ठरलेलं असतं. पेशी सावकाश वाढो की जलद. दुप्पट मोठी पेशी दुप्पट ओरी-सींवरून सुरुवात करते.

हे आकाराचं माप डीएनए-एच्या साठ्यातूनच येतं की त्यात आणखी काही आहे, यावर आजही वाद होतात. परीक्षेत ‘एटीपीयुक्त डीएनए-एचं प्रमाण वाढतं’ एवढं लिहा, पण मनात ठेवा की गोष्ट तिथे संपत नाही. पेशीतल्या सगळ्या ओरी-सी जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात, हेही कुठल्याही उत्तराला समजावून सांगता यायला हवं.

उन्हाळ्यात आमच्याकडे दही तीन-चार तासांत लागतं. उष्णतेने नकला जास्त वेळा सुरू होतात का?

दह्यातले जिवाणू वेगळे, पण प्रश्न छान आहे. खाद्य सुधारून वेग वाढवणं आणि ऊब देऊन वेग वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊब दिली की सगळंच एकत्र जोरात चालतं, फोर्कसुद्धा. त्यामुळे नकला एकमेकींवर चढत नाहीत आणि पेशीचा आकारही फारसा बदलत नाही. खाद्य सुधारलं की फोर्कचा वेग तोच आणि पिढी छोटी, म्हणून नकला एकमेकींवर चढतात आणि पेशी मोठ्या होतात. पेशीचा आकार खाद्यावर ठरतो, तापमानावर नाही, हे १९५८ मध्ये कोपनहेगनमध्ये दाखवलं गेलं.

सुरुवात हा वेगळा टप्पा आहे हे कळलं कसं? कुणी डोळ्यांनी पाहिलं का?

बिघडलेल्या जिवाणूंवरून कळलं. असे म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेले जिवाणू, निवडले जे ३० अंशांना ठीक वाढतात आणि ४२ अंशांना अडतात. तापमान वाढवल्यावर ते दोन तऱ्हेने वागले. काहींत डीएनए बनणं ताबडतोब थांबलं, म्हणजे चालती गाडीच बिघडली. काहींत ते हळूहळू थांबलं. चालू असलेल्या नकला शेवटपर्यंत गेल्या, नवीन मात्र एकही निघाली नाही. डीएनए-एचे म्युटंट या दुसऱ्या गटातले. परत ३० वर आणलं की साचून राहिलेल्या पेशी एकदम सुरू होतात.

यावरून माझी एक फजिती सांगते. एका कॉलेजात असताना एम.एस्सी.च्या मुलाला प्रोजेक्टसाठी असा एक स्ट्रेन दिला होता. एप्रिलचा शेवट. प्लेटच्या अर्ध्या भागावर साधा ई. कोलाय, अर्ध्यावर म्युटंट, इन्क्युबेटर ३० वर लावलेला. सकाळी साध्याच्या टपोऱ्या वसाहती, म्युटंटचा भाग कोरा. मुलाने माध्यम दोनदा नव्याने बनवलं. मीही माध्यमालाच दोष दिला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की इन्क्युबेटरचा लाल दिवा, हीटर चालू असल्याचा, आम्ही एकदाही पेटलेला पाहिला नव्हता. वरच्या भोकातला थर्मामीटर बाहेर काढला तर पारा ४२ च्या वर. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच ४२ ची असेल तर ३० चा आकडा लावून काय होणार! साधा ई. कोलाय त्या तापमानाला मजेत वाढतो, म्हणून शंकाही आली नाही. तो कोरा भाग म्हणजे अगदी पुस्तकातला निकाल होता, फक्त आम्ही तो मागितला नव्हता. ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून ठेवलेल्या मूळ साठ्यातून) पुन्हा स्ट्रीक केलं, प्लेट गारही करू शकणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये ठेवली, वसाहती आल्या.

हे आपल्या प्रयोगशाळेत मोजता येईल का?

एक सुंदर प्रयोग आहे. वाढत्या पेशींना रिफॅम्पिसिन आणि सेफालेक्सिन एकत्र द्यायचं. रिफॅम्पिसिनने आरएनए पॉलिमरेज बंद पडतो, आणि नवीन सुरुवात व्हायला त्याची गरज असते, म्हणून नवीन फेऱ्या निघत नाहीत. चालू फेऱ्या पूर्ण होतात. सेफालेक्सिनने पेशी विभागत नाहीत. दोन-चार तासांनी डीएनएला रंग देऊन पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरमधून सोडलं की प्रत्येक पेशीत किती पूर्ण गुणसूत्रं आहेत ते दिसतं. हाच आकडा औषध दिलं त्या क्षणीच्या ओरी-सींचा. निरोगी पेशींत दोन, चार, आठ अशीच शिखरं येतात. सेक-ए किंवा डॅम नसलेल्या पेशींत तीन, पाच, सहा अशी वेडीवाकडी. सगळ्या ओरी-सी एकत्र सुरू होतात याचा याहून सरळ पुरावा मी पाहिलेला नाही.

फ्लो सायटोमीटर बहुतेक कॉलेजांत नसतो. डीएनएच्या प्रती मोजणारं रिअल-टाइम पीसीआर यंत्र असेल तर ओरी-सीजवळच्या आणि समोरच्या टोकाच्या जनुकाचं गुणोत्तर काढा. साचलेल्या, न वाढणाऱ्या कल्चरमध्ये ते एकच्या जवळ येतं. २० मिनिटांत दुप्पट होणाऱ्यात, नकलेला ४० मिनिटं धरली तर, चारच्या जवळ यायला हवं.

सगळे जिवाणू असेच वागतात का?

डीएनए-ए बहुतेकांत आहे, पहाऱ्याची रीत मात्र वेगवेगळी.

बॅसिलस सबटिलिसमध्ये डॅम आणि सेक-ए नाहीत. तिथे याब-ए आणि सोज अशी प्रथिनं डीएनए-एला आवरतात. आणि नावांचा घोळ असा, की बॅसिलसमध्ये हेलिकेजला डीएनए-सी म्हणतात आणि डीएनए-बी तिथे अंगठी चढवायला मदत करणारं प्रथिन आहे. ई. कोलायचं पाठ केलेलं तिथे लिहिलंत की उत्तर बरोबर उलटं होतं.

कॉलोबॅक्टरमध्ये एका पेशीच्या दोन वेगळ्या लेकी होतात. देठवाली लगेच नक्कल सुरू करते. पोहणारीत सीटीआर-ए हे प्रथिन सुरुवातीच्या जागेवर बसून ती अडवतं. पोहणं सोडून देठ आला की ते मोडलं जातं.

कॉलऱ्याच्या जिवाणूत गुणसूत्रं दोन, एक सुमारे ३० लाखांचं, दुसरं सुमारे १० लाखांचं. लहान गुणसूत्राला सुरू करणारं प्रथिनही वेगळं, आरसीटी-बी. लहान असून ते उशिरा सुरू होतं. मोठ्या गुणसूत्राचा फोर्क सीआरटीएस नावाच्या ठरावीक जागेवरून गेला की लहानाला इशारा मिळतो, आणि दोन्ही जवळजवळ एकाच वेळी संपतात. पंगतीत हळू जेवणाऱ्याला आधी वाढावं, तसं.

क्षयरोगाच्या जिवाणूचं गुणसूत्र ४४ लाखांचं, म्हणजे ई. कोलायएवढंच. तरी दुप्पट व्हायला २० ते २४ तास. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवलं की त्याचा फोर्कच ई. कोलायपेक्षा कितीतरी पट हळू चालतो. पण पिढी नकलेपेक्षाही लांब, त्यामुळे नकला एकमेकींवर चढायची वेळ सहसा येत नाही.

डीएनए-एशिवाय जिवाणू जगूच शकत नाही का?

सहसा नाही. पण आरनेज-एच हे विकर काढून टाकलं तर ई. कोलाय ओरी-सी आणि डीएनए-ए दोन्हींशिवाय कसाबसा जगतो, डीएनएला चिकटून राहिलेल्या आरएनएवरून नक्कल सुरू करत. कशी तर, आडवाटेने.

माणसाच्या पेशीतही एकच सुरुवात असते का?

नाही, हजारो असतात, आणि फोर्क बराच हळू. आपला सगळा डीएनए एकाच जागेवरून उकलायचा म्हटलं तर वर्ष उलटून जाईल. डीएनए-एच्या जागी ओआरसी नावाचा सहा प्रथिनांचा गट, हेलिकेज एमसीएम. तपशील वेगळे, पण सुरू करणारं प्रथिन तिथेही एटीपी धरणारं आणि त्याच मोठ्या घराण्यातलं.

सिप्रोफ्लॉक्सासिन याच टप्प्यावर काम करतं का?

थेट नाही. ते गायरेज आणि टोपोआयसोमरेज-४ ला डीएनए कापलेल्या अवस्थेत अडकवतं. सुरुवातीलाही गायरेज लागतं, पण मारक ठरतात ते हे कापलेले तुकडे.

हा प्रश्न दहा गुणांना आला तर किती लिहायचं?

ओरी-सीची नीट आकृती काढा. तिच्यात खुणा, तेरा अक्षरांचे तीन तुकडे आणि जी-ए-टी-सी दाखवा. मग डीएनए-ए ते बीटा क्लॅम्प हा क्रम. शेवटी किमान दोन कुलपं. मुलं कुलपं सोडून देतात आणि ओकाझाकी लिहून पान भरतात. विचारलेलं सुरुवातीबद्दल असतं.

आम्हाला ३० आणि ४२ चा प्रयोग करून पाहायचा आहे. कधी करावा?

डिसेंबरात. तेव्हा नागपुरात साधा इन्क्युबेटरही ३० वर नीट राहतो आणि ४२ साठी वॉटर बाथ पुरतो. मार्चनंतर करायचाच असेल तर बीओडीची जागा आधी मागून ठेवा, कारण त्या दिवसांत सगळ्या विभागाला तोच हवा असतो. आणि थर्मामीटर स्वतः पाहा. सकाळी एकदा, आणि दुपारी तीनला पुन्हा एकदा.